न झालेल्या लढाईतला सुभेदार

जनार्दन खिल्लारेंना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या बापाच्या अंत्यविधीत. त्यांनी भर गर्दीत एका पुढाऱ्याच्या थोबाडीत मारली होती.

मी तेव्हा दुसरीत होते. इंझोरी गावात आमच्या दारासमोर लष्कराची गाडी थांबली आणि तिच्यातून पेटी उतरवली गेली. तिच्यावर तिरंगा होता. पेटीबरोबर एक हवालदार आला होता. उंच, काळासावळा, डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, एका कानात कापूस. आईचं रडणं चालू असतानाच तालुक्याहून आलेल्या पुढाऱ्यानं माइक हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली की दिगांबरनं शत्रूच्या छावणीत घुसून दहा जणांना लोळवलं, मग छातीवर गोळी झेलली. हवालदार शांतपणे त्याच्याजवळ गेले. उजव्या हातानं एकच ठेवून दिली. माइक खाली पडला, तो त्यांनी उचलला.

"दिगांबर लढता लढता गेला नाई," ते म्हणाले. "आपनच पेरलेला सुरुंग काढता काढता गेला. लढाई झालीच नाई. त्याच्या बायकोले खरं समजलं पाह्यजे, म्हणून सांगून राह्यलो."

त्यांनी पेटी उघडू दिली नाही. आजोबा हट्टाला पेटले, तेव्हा त्यांना एकट्याला बाजूला नेऊन ते काहीतरी बोलले. आजोबा परत आले आणि मग कुणालाच पेटीजवळ जाऊ देईनात.

हवालदार खिल्लारे किन्हीराजा गावचे. बाबा आणि ते एकाच पलटणीत, सुरुंग पेरणाऱ्या आणि काढणाऱ्या तुकडीत होते. वऱ्हाडातले दोघंच, त्यामुळे जेवायला एका ताटात. त्या वर्षी दोन्ही देशांनी आपापलं सैन्य सीमेवर आणून महिनोन्‌महिने उभं केलं होतं. दोघांकडे अणुबॉम्ब. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल असं रोज वाटायचं. शेतकऱ्यांना उठवून त्यांच्या शेतांत सुरुंग पेरले गेले. मग वरच्या लोकांनी काय ठरवलं कोण जाणे, सैन्य मागं फिरलं. सुरुंग मात्र जमिनीतच होते. मधे एक पावसाळा होऊन गेला होता, वाळू सरकली होती आणि नकाशावर जिथं खूण होती तिथं काहीच सापडत नव्हतं.

पुढचं जनाकाकांनी, त्यांना मी असंच म्हणायची, मला मी बारावी पास झाल्यावर सांगितलं. मीच विचारलं होतं. आई म्हणाली, पोरीला कशाला सांगता. ते म्हणाले, "इचारलं ना तिनं. मंग अर्धं कायले सांगू?" बाबा गुडघ्यांवर बसून सळईनं वाळू टोचत होते. काका पंधरा पावलं मागे होते. पहिला सुरुंग बाबांच्या गुडघ्याखाली फुटला. बाबा जिवंत होते, हाक मारत होते. काकांच्या पुढचा एक पंजाबी जवान नियम विसरून सरळ धावला आणि दुसऱ्या सुरुंगावर पडला. त्यातच काकांची दोन बोटं गेली आणि डाव्या कानाचा पडदा फाटला. तरी ते पोटावर सरपटत, हातानं वाळू चाचपत बाबांपर्यंत पोचले. पट्ट्याला धरून ओढायला गेले, तर बाबांचं वरचं अंग तेवढंच हातात आलं. "तवा तो बोलून राह्यला होता," काका म्हणाले. "पानी मागतलं. मी पाजलं. कुठून खाली जाऊन राह्यलं ते मले दिसत होतं."

मी ओकले. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, पण सांगितलेलं त्यांनी मागं घेतलं नाही.

ते मुळात मऊ माणूस नव्हते. त्यांचा हात चालायचा आणि त्यांना त्याची लाज वाटत नसे. बाबा गेल्यावर आईनं अंगणवाडीत काम धरलं. ते माझ्या चुलत्याला, महादेवकाकाला खपलं नाही. विधवेनं गावात हिंडायचं नाही म्हणून त्यानं तिला दोरानं मारलं. पाठीवर वळ उठले होते. जनाकाका सुटीवर आले होते, त्यांच्या कानावर हे गेलं. ते आमच्या अंगणात आले तेव्हा महादेवकाका विळ्यानं कडबा तोडत होता. जनाकाका खाटेवर बसले, पाणी मागितलं, पाऊसपाण्याच्या गप्पा काढल्या. तूर कशी आहे, बैल कसे आहेत. आई आतून पाहत होती आणि तिला वाटत होतं, हाही आला तसाच जाणार. शेवटी महादेवकाकानं विळा कुडाला खोचला आणि तंबाखू मळत तो शेजारी येऊन टेकला. पुढच्या क्षणी त्याचे दोन दात अंगणात होते आणि जनाकाकांचा गुडघा त्याच्या छातीवर.

नंतर आईनं त्यांना विचारलं, इतका वेळ गप्पा कशाला मारल्या? ते म्हणाले, "वहिनी, त्याच्या हातात इळा होता. इळा दिसत असून बी जो म्हनते का हा चालवनार नाई, त्याले मी शायना म्हनत नाई. आन् इळा पाहून जो पळून जाते, त्याच्या घरच्या बाया मार खातात."

महादेवकाकानं आईवर पुन्हा कधी हात उचलला नाही.

सुभेदार होऊन ते निवृत्त झाले आणि किन्हीराजाला बायकोबरोबर, कौसाकाकूंबरोबर राहू लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं. सकाळी ते गावच्या पोट्ट्यांना भरतीसाठी पळवायचे, नंतर फाट्यावरच्या हॉटेलात चहा. मी तोवर एस.टी.त कंडक्टर झाले होते. माझी गाडी रिसोडहून निघून त्या फाट्यावरून पुढे जायची. गाडी थांबली की ते खिडकीशी येऊन माझं नाव लाडानं तोडून विचारायचे, "सुने, जेवली का?" आणि उत्तर ऐकायला उजवा कान पुढं करायचे.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा पेटलं. तिकडं पहाडात फिरायला गेलेली साधी माणसं मारली गेली होती आणि सगळ्यांचं रक्त उसळलं होतं. काकांचंही. मारायलाच पाहिजे, असं ते म्हणाले. मग इकडून क्षेपणास्त्रं गेली, तिकडून ड्रोन आले. हॉटेलातला टीव्ही दिवसभर ओरडत होता. माझ्या गाडीत तर प्रत्येक सीटवर एक सेनापती बसलेला. त्यात एक गोष्ट सगळ्यांना पाठ झाली होती. पाकिस्तानचा अणुबॉम्ब म्हणजे नुसती धमकी, तो गंजून गेलाय, त्यांच्यात बटण दाबायची हिंमत नाही, एकदाच मिटवून टाका.

त्या दिवशी फाट्यावर गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. चालक राठोडभाऊ चाक बदलत होते, म्हणून मी हॉटेलात बसले होते. गावचे निवृत्त गुरुजी तिथं होते, भरतीची तयारी करणारी सात-आठ पोरं होती. त्यांत विकी नावाचा पोरगा काकांचा लाडका. पळण्यात पहिला यायचा. तो म्हणाला, "सुभेदार, त्याइचा बॉम्ब फुसका हाय. टीव्हीवर सांगून राह्यले."

काकांनी कप खाली ठेवला आणि विचारलं की टीव्हीवाल्यानं तो उघडून पाहिला का. पोरं हसली. मग ते स्वतःच्या लष्करातल्या प्रशिक्षणाबद्दल बोलू लागले. एका कडक उन्हाळ्यात वाळवंटात त्यांना रबरी सूट आणि तोंडावर मुखवटा घालून पळवलं होतं. बॉम्ब पडला तर कसं जगायचं, याचा सराव. एक जण मुखवट्यातच ओकला आणि घुसमटून मरता मरता वाचला. शिकवणारा कप्तान तरुण होता. तो म्हणाला, उजेड दिसला की पालथं पडायचं, आधी वारा एकीकडून येईल, मग उलटा फिरेल. काकांनी विचारलं, साहेब, उलटा येताना काय घेऊन येईल? कप्तान म्हणाला, जवळ तुझं गाव असलं तर गाव.

"त्या सायबाले भेव वाटत होतं," काका म्हणाले. "तो रोज त्या बॉम्बच्याच कागदाइत बसून राहे. ज्याले जास्त माहीत होतं त्यालेच जास्त भेव होतं. हे मी डोळ्यानं पाह्यलं."

गुरुजी म्हणाले की तसं नसतं, जनार्दनराव, दोघांकडे असला की कुणीच वापरत नाही, हा शास्त्राचा नियम आहे. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. त्यांनी विचारलं, तुमचा पोरगा पुण्यात आहे ना? गुरुजी म्हणाले, आहे. "मंग तुमी नियमावर तुमचा पोरगा पनाले लावून राह्यले, गुरुजी. मी नियम खोटा म्हनत नाई. पन नियम मानसं पाळतात. आन् मानसं मी पाह्यले हायत. समोरचा वेडा हाय असं मानून चालू नका, आन् तो फुसका हाय असं बी मानू नका. त्याचा बॉम्ब खरा हाय. तो पडला तर आपले लाखो मरतीन. हे ध्यानात ठेवून मंग त्याले मारा, जिथं लागन तिथं मारा, पन किती पायऱ्या चढून राह्यलो ते मोजत चढा. ते मोजनारा लागते, बोंबलनारा नाई."

विकी म्हणाला, तुम्ही घाबरले. काका म्हणाले, "हो. तू बी घाबर. मंग पळनं सुधारंन."

सगळे हसले, विकीला ते लागलं. एका पोरानं हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. मला ते दिसलं होतं आणि मी त्याकडे लक्ष दिलं नाही. आजकाल सगळेच घेतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच व्हिडिओ माझ्या गाडीतल्या प्रवाशांच्या हातात होता. कुणीतरी त्याला कात्री लावली होती. काका त्यात एवढंच म्हणत होते, "त्याचा बॉम्ब खरा हाय. आपले लाखो मरतीन," आणि मग, "हो. तू बी घाबर." खाली लिहिलं होतं की हा माणूस शत्रूची भाषा बोलतो. मी काकांना फोन केला. त्यांनी ते पाहिलं होतं. मी म्हटलं, थोडे दिवस आमच्याकडे या. ते म्हणाले, कौसा एकटी राहील. आणि मग विषय बदलून आईला निरोप दिला. ती लढाईच्या बातम्यांनी घाबरून दोन दिवस अन्न सोडून बसली होती. वहिनीला सांग, जेव, घरात पाणी भरून ठेव, कोरडं पीठ ठेव, बाकी आपल्या हातात नाही.

त्यानंतरच्या दिवशी भरदुपारी आमची गाडी फाट्यावर आली, तर रस्त्यात मोटारसायकली आडव्या लावलेल्या. पंधरा-वीस पोरं. बरीचशी बाहेरची, काही गावातली. मध्ये काका उभे होते, डोक्याला काही नाही, पायात चप्पल. त्यांना नाक घासून माफी मागायला सांगत होते. काका म्हणाले की देशाचा जयजयकार तुमच्यापेक्षा मोठ्यानं करतो, तो मी तीस वर्षं केला, माफी मात्र मागणार नाही. कारण खोटं काय बोललो ते सांगा.

एकानं कमरेचा पट्टा काढून त्यांच्या तोंडावर ओढला. गाल फाटला. काकांनी दुसरा वार हवेतच धरला आणि त्या पोराचं मनगट पिळलं. मला गाडीच्या दारात ते मोडल्याचा आवाज ऐकू आला. मग सगळे तुटून पडले. काका हॉटेलच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्या दोन बोटं नसलेल्या हातानं त्यांनी एकाला असा हाणला की तो गटारात गेला. दुसऱ्याच्या नाकातून रक्त उडालं. ते प्रत्येकाच्या हातांकडे पाहत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण पोरांनी काकांचे पाय धरून त्यांना भिंतीपासून ओढलं, ते गुडघ्यावर आले, आणि विकी मागून आला. त्याच्या हातात फरशीएवढा धोंडा होता. दोन्ही हातांनी उचलून त्यानं तो काकांच्या डाव्या कानामागं घातला. ज्या बाजूला ते बहिरे होते, त्या बाजूला.

मी खाली उडी मारली. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. कुणीतरी माझे केस धरले, मी त्याच्या हाताला चावले. रक्ताची चव तोंडात आली. राठोडभाऊंनी गाडी मागं-पुढं करून, हॉर्न दाबून धरून ती सरळ गर्दीवर घातली. पोरं फाकली. मी आणि दोन प्रवासी बायांनी काकांना काखेत धरून वर ओढलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि खाकी कापडातून गरम रक्त खाली उतरत होतं. मागून दगड आले. दोन काचा फुटल्या, एका बाईच्या कपाळात काच घुसली, लहान पोरं सीटखाली रडत होती. राठोडभाऊंनी आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या दवाखान्यापर्यंत कुठंच गाडी थांबवली नाही.

तिथून त्यांना अकोल्याला हलवलं. डोक्यात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी कवटी उघडून ते काढलं. ते शुद्धीवर येत आणि जात. शुद्धीत असले की अगदी नीट बोलत. धोंडा कुणी घातला, ते त्यांनी मला विचारून घेतलं.

विकीची आई आली. ती आमच्याच ओळखीची, सोयाबीनच्या कापणीला कौसाकाकूंबरोबर जायची. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली की पोरगं बहकलं, भरतीचं वय निघून जाईल, तुम्हीच त्याला पळायला शिकवलं, आता तुम्हीच वाचवा. कौसाकाकू तोंड फिरवून उभ्या होत्या. मला वाटलं, काका विरघळतील. म्हातारी माणसं शेवटी माफ करतात, असं आपण ऐकलेलं असतं. त्यांनी हळूच मान हलवली.

"नाई, बाई," ते म्हणाले. "मले मारलं ते मी पाहून घेतलं असतं. पन त्या गाडीत लेकरं होती, तिच्यावर धोंडे फेकले. आज ह्याले सोडलं त उद्या त्याले वाटन का धोंडा चालते. मी पोलिसाले नाव सांगतलं हाय. तुह्या पोराले वकील दे चांगला."

ती रडत गेली. त्यानंतर त्यांना फार थकवा आला.

ती गेल्यावर मी त्यांना विचारलं. कित्येक दिवस मनात होतं. सगळे छातीठोक सांगतात, बॉम्ब टाकतील नाही तर टाकणार नाहीत. तुम्हाला खरंच काय वाटतं, काका? ते छताकडेच पाहत होते. मला वाटलं, ऐकलं नाही, म्हणून मी उजव्या कानाशी जाऊन पुन्हा विचारलं.

"मले माहीत नाई, सुने," ते म्हणाले. "चाळीस वर्सं इचार करून राह्यलो. माहीत नाई. म्हणूनच त भेव."

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात गलका झाला. दोन्हीकडचा गोळीबार थांबला होता. कुणी देवाला हात जोडत होतं. समोरच्या पलंगाजवळचा एक माणूस चिडला होता, अर्ध्यात सोडलं म्हणत होता. मी काकांना उठवून सांगितलं की लढाई थांबली. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते मला पाहत नव्हते. ओठ हलले.

"मंग आता काढाले कोन जाईन?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं की कुणालाच जायचं नाही, काका, या वेळी सुरुंग पेरलेच नाहीत. त्यांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मग बाबांचं नाव घेतलं. त्याला पाठवू नका, त्याला लहान पोरगी आहे, मी जातो. हे ते साहेबांना सांगत होते. रात्रीतून ते बेशुद्ध झाले आणि सकाळी कौसाकाकू तोंड पुसायला गेल्या तेव्हा ते गेलेले होते.

त्यांच्या मयतीला गाव आलं, पण सगळं नाही. काही घरांची दारं बंद होती. पुढारी कुणी आला नाही. पलटणीतले तीन म्हातारे ट्रेननं आले होते. त्यांतला एक सरदारजी होता, तो चितेपाशी शेवटपर्यंत उभा राहिला.

खटला आता वाशीमच्या कोर्टात उभा राहिला आहे. मधल्या काळात मला पुष्कळांनी समजावलं. पोरं देशासाठी पेटली होती, त्यांचं आयुष्य कशाला नासवतेस, गर्दीत कुणी मारलं ते नीट दिसलं नाही असं म्हण. गाडीत तिकीट घेतानाही लोक हळूच सांगायचे. आईला भीती वाटत होती, पण तिनं मला थांबवलं नाही. साक्षीच्या दिवशी ती माझ्याबरोबर कोर्टात आली आणि कौसाकाकूंच्या शेजारी बसली.

मी पाहिलं ते सगळं सांगितलं. धोंडा कुणी उचलला, कुठून आला, कुठं लागला. विकी समोर उभा होता. त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि तो माझ्याकडे पाहत नव्हता. मग त्याचे वकील उठले. त्यांनी विचारलं की मयत इसम शत्रूच्या अणुबॉम्बची भीती लोकांना घालत होता, हे खरं की नाही?

मी म्हटलं, "ते म्हणत होते की तो बॉम्ब खरा आहे. भ्या, आणि भिऊन नीट विचार करा. हे म्हटलं म्हणून त्यांना मारलं. शत्रूनं नाही. ज्यांना ते पळायला शिकवत होते त्यांनी."

न्यायाधीशांसमोर खाली बसलेला टायपिस्ट मागं पडला होता. त्यानं मान वर करून मला थांबवलं आणि म्हणाला, बाई, जरा सावकाश.

मी विकीकडे पाहत पुन्हा सांगितलं. सावकाश.